अर्पिता ‘बघू’ म्हणाली

“मॅडम, तुम्ही आमटी हायत का?”

घनसावंगीच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या अर्पिताला कुणी विचारावं तर हे. आधीच उशीर झालेला. काळीपिवळीवाल्यानं शेवटचं माणूस कोंबेपर्यंत जीप हलवली नव्हती, आणि उतरताना ओढणी दारात अडकून फाटली ती वेगळीच. दारातल्या बाईंनी हजेरीची सही घेतली, हातात एक पुठ्ठा दिला आणि आत ढकललं. समोर हा... उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, कधी न पाहिलेला मास्तर.

“मी अर्पिता,” ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

“ते झालंच. पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?”

तिनं पुठ्ठा उलटा करून पाहिला. खरंच की, ‘आमटी’. त्यानं आपला पुठ्ठा पुढं केला. त्याच्यावर होतं ‘कोरड्यास’.

“केव्हाचा शोधून राह्यलो तुम्हाला,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या जोड्या लागल्या. माळव्याला भाजीपाला भेटला, इस्तूला विस्तव भेटला. मी एकटाच राहिलो कोरडा.”

अर्पितानं ओठ दाबून धरले, पण हसू काही आवरलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. तिनं फाटलेली ओढणी पाठीमागं लपवली आणि मुकाट्यानं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

आता हा खेळ कसला, ते सांगायला हवं. पहिलीला नवा अभ्यासक्रम आला होता आणि त्याच्याबरोबर नवे निकष आले होते. त्यात एक निकष असा की, लेकराला आधी त्याच्या घरच्या बोलीत बोलतं करायचं आणि मगच पुस्तकातल्या भाषेकडं न्यायचं. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या मास्तरांची उभी हयात पोरांच्या तोंडातलं ‘न्हाई’ काढून तिथं ‘नाही’ बसवण्यात गेली, त्यांना हे पचेना. अर्पिताच्या शाळेचे मुख्याध्यापक बद्रीनाथ सर तर प्रशिक्षणाला येताना वाटभर कुरकुरत होते. वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात, म्हणाले. काल म्हणाले पोराची जीभ सरळ करा, आज म्हणतात वाकडीच बराबर होती. रिटायर व्हायला आलो, आता मी काय नव्यानं बोबडं बोलायला शिकू?

म्हणून एका पुठ्ठ्यावर पुस्तकातला शब्द आणि दुसऱ्यावर त्याचाच घरच्या बोलीतला शब्द. तर त्या दिवशी ज्यांच्या जोड्या लागल्या, त्यांनी वर्षभर जोडीनंच पहिलीचे पाठ तयार करायचे, असं ठरलं. हे ठरवणाऱ्या मॅडमचं नाव दैवशाला. त्या केंद्रप्रमुख होत्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख त्यांची. बाई कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. आपण सहज वाटलेल्या दोन पुठ्ठ्यांनी कुणाच्या आयुष्याचं काय होणार आहे, याची त्यांना तरी काय कल्पना असणार?

त्या मास्तराचं नाव गोरक्षनाथ. सगळे गोरक्ष सर म्हणायचे. शिवारातल्या एका वस्तीवरच्या शाळेत तो होता. त्याचा बाप राधाकिसन आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि गावोगावच्या रानांतून हिंडायचं. गोरक्ष तेवढा आश्रमशाळेत राहून शिकला, मास्तर झाला. आता बाप घरी असायचा, दारात थोडीच मेंढरं बांधलेली. अर्पिताचं सगळंच उलटं. अंकुशनगरच्या बाजूला त्यांचं गाव, पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, पाण्याखालचा ऊस, गावात मान. वडील धर्मराव म्हणजे चार माणसांत शब्दाला वजन असलेला गडी. त्यांनीच हट्टानं लेकीला जालन्याला शिकायला ठेवलं होतं.

त्या जालन्यानंच तिची बोली नेली. पाचवीत असताना तिनं वर्गात “मंग काय झालं?” असं विचारलं आणि सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. त्या दिवसापासून अर्पितानं जीभ घासून पुसून लख्ख केली. मास्तरीण झाल्यावर तर ती घरीही पुस्तकासारखं बोलायची आणि आई चतुराबाई म्हणायची, हिच्याशी बोलायचं म्हणजे साहेबाशी बोलल्यावानी वाटतंय.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की केंद्रशाळेच्या एका वर्गात दोघं पाठ करायला बसायची. शेजारी बद्रीनाथ सर पेपर वाचत बसलेले, म्हणजे वाचण्याचं नाव आणि झोपण्याचं काम. गोरक्ष चित्रं काढायचा, अर्पिता त्याखाली वाक्यं लिहायची. तिचं पहिलं वाक्य वाचून त्यानं पेन खाली ठेवला.

“‘आई चुलीपाशी बसून स्वयंपाक करीत आहे’... मॅडम, ही कुणाची आई?”

“का? काय चुकलं?”

“चुकलं न्हाई काहीच. पण माझ्या वस्तीवरचं पोरगं म्हणंल, ही बाई पाहुणी दिसती.”

ती चिडली. मग तुम्हीच लिहा, म्हणाली. त्यानं लिहिलं, ‘माय भाकरी करू राह्यली.’ तिनं ते वाचलं, आणि काय झालं कोण जाणे, तिला एकदम आजोळची चूल आठवली, राखेत भाजलेलं वांगं आठवलं. तिनं आपलं वाक्य खोडून टाकलं.

“म्हणा,” तो हळूच म्हणाला. “मंग.”

“मग.”

“मंग.”

“...मंग,” अर्पिता म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. बद्रीनाथ सरांनी पेपरामागून एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

असंच सुरू झालं बघा. प्रेमाला काही मुहूर्त लागत नाही. तो तिला तिचीच भाषा परत शिकवत होता आणि ती त्याला शुद्धलेखन शिकवत होती. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा आनंदच होता. ‘दीर्घ’ हा शब्दच तो ऱ्हस्व लिहायचा आणि वर विचारायचा, “एवढ्याशा वेलांटीनं माणूस काय मरतंय का मॅडम?” मरत नाही, पण वरून तपासणी आली की माझी मान कापली जाते, असं ती म्हणायची. मग तो पाठभर वेलांट्या सांभाळून द्यायचा, फक्त तिच्यासाठी. हे तिच्या ध्यानात यायचं. तिच्या ध्यानात आलंय, हे त्याच्याही ध्यानात यायचं.

आणि पाठ लागू पडत होते, हे विशेष. अर्पिताच्या वर्गात माऊली नावाची एक पोर होती. शाळेत येऊन महिने झाले, पण तोंडातून शब्द नाही. मुकी आहे की काय, असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं. एक दिवस अर्पितानं पुस्तक मिटलं, तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली आणि विचारलं, “माऊली, आज कोरड्यास काय केल्तं गं घरी?” पोरीनं मान वर केली. शेंगदाण्याचं केल्तं, म्हणाली. मंग माय रागावली, मंग शेळीनं भाकर खाल्ली, मंग म्या शेळीला हाणलं... थांबेचना. अर्पितानं शाळेच्या मागं जाऊन गोरक्षला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, आता तुम्ही बी पास.”

हिवाळा आला. ऊसतोड सुरू झाली, रस्ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी भरून गेले. पाठांचं प्रदर्शन आटोपून दोघं अंकुशनगरच्या फाट्यावर जीपची वाट पाहत उभी होती. कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास सगळ्या हवेत. उन्हं कलली होती. समोरून ट्रॉली गेली तशी उसाची एक कांडी खाली पडली. ती त्यानं उचलली, धूळ झटकली, गुडघ्यावर मोडली आणि अर्धी तिला दिली.

“मॅडम म्हणायचं सोडून द्यावं म्हणतो,” तो एकदम म्हणाला.

“मंग काय म्हणणार?”

“तेच तर इचारायचं हाय.” तो तिच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होता. “माय रोज इचारती, जोडीचं काम कधी संपणार. मी म्हणलं, संपूच नये असं वाटू राह्यलंय.”

जीप आली. आतली माणसं सरकली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आणि याला सुचलं ते नेमकं तेव्हा.

“अर्पिता... माझ्यासंग लग्न करता का? मी धनगराचं पोरगं. तुमच्या घरी कसं व्हायचं ते मला ठावं हाय. तरी इचारतो.”

तिच्याकडं शाळेतली मराठी होती. ‘मला थोडा वेळ द्या’, ‘माझी तयारी आहे, घरी बोलते’, सगळी चकचकीत वाक्यं होती. पण ज्या माणसानं तिची बोली तिला परत दिली, त्याला उत्तर द्यायचं ते घरच्याच बोलीत द्यावं, असं तिला वाटलं. तिनं खाली बघितलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि हसत, लाजत म्हणाली...

“बघू.”

आणि जीपमध्ये बसली. मागं वळून पाहिलं तेव्हा तो धुरळ्यात उभा होता. त्याचा चेहरा काही तिला दिसला नाही.

आता धर्मरावांच्या घरात ‘बघू’ला काय अर्थ होता, ते ऐका. या माणसाला नको असलेल्या गोष्टीला तो तोंडावर ‘न्हाई’ म्हणायचा, भीडभाड नाही. पण जे करायचं असेल त्याला कधी ‘हो’ म्हणाला नाही. हो म्हणलं की दृष्ट लागते, अशी त्याची समजूत. जालन्याला शिकायला जाऊ का, असं अर्पितानं विचारलं तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पेटी खांद्यावर घेऊन स्टँडवर उभा. म्हैस घ्यायची का? बघू. आणि म्हैस दारात. त्या घरात ‘बघू’ ऐकलं की पोरं उड्या मारायची. लाजत म्हणलेलं ‘बघू’ म्हणजे तर होकाराच्याही वर.

त्याच दिवशी अर्पितानं घरी सांगितलं. चतुराबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. धर्मरावांनी पोराचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, जात विचारली नाही, कारण नावावरूनच कळली. कितीतरी वेळ ते ओसरीवर बसून सुपारी कातरत राहिले. अर्पिता दारामागं उभी. शेवटी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“बघू,” ते म्हणाले.

चतुराबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लेकीच्या पाठीवर एक धपाटा घातला. झालं बाई तुझं, म्हणाली.

पण हे फुकट मिळालं नव्हतं. धर्मरावांचा धाकटा भाऊ सोमेश्वर हे ऐकून पेटला. भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाला. माझ्या पोरींची लग्नं कशी व्हायची, म्हणाला. धर्मरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग भरल्या बैठकीत भावाला सांगितलं की माझ्या पोरीचं ठरलंय, तुला यायचं असंल तर ये, न यायचं असंल तर तुझी मर्जी. एका ताटात जेवलेले भाऊ, बोलणं बंद झालं. सोमेश्वरची बायको आडावर चतुराबाई दिसली की घागर उचलून माघारी जायची. ही सगळी किंमत अर्पिताच्या डोळ्यांसमोर मोजली जात होती. धर्मरावांची अट एकच होती. त्या पोराला बापाला घेऊन राजरोस येऊ दे, मागणी मानानं झाली पाहिजे.

आणि गोरक्ष? तो एकदम बदलला. मास्तरांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत भेटला की नमस्कार मॅडम, बस्स. बसायला मागची खुर्ची. पाठ पूर्ण करायचा, पण बद्रीनाथ सरांच्या हाती पाठवायचा. फोन नाही, थट्टा नाही. दुसरी एखादी घाबरली असती. अर्पिताला मात्र उलट कौतुक वाटलं. शहाणा आहे, असं तिला वाटलं. आता लग्नाचं बोलणं व्हायचंय म्हणून जनाची लाज धरून राहतोय. आपण होऊन विचारलं तर उतावळी नवरी दिसेन, म्हणून तीही गप्प राहिली. एक फोन करायचा होता फक्त, पण माणसाला अक्कल वेळेवर कुठं सुचते?

पुढं दैवशाला मॅडमनी त्याला तज्ज्ञ म्हणून परतूरच्या बाजूला पाठवलं, दुसरीच्या नव्या पुस्तकाचं प्रशिक्षण द्यायला. शिकवण्यात त्याचं नाव झालं होतं. अर्पिता घरी सांगायची, ते परगावी आहेत, आले की येतील. धर्मराव मान डोलवायचे. त्यांनी बैठकीची खोली रंगवून घेतली आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, ओल आल्ती भिंतीला.

वाटूरला ते प्रशिक्षण होतं तेव्हा कडक ऊन तापलं होतं. अर्पिताचंही नाव यादीत आलं. नवी अबोली रंगाची साडी नेसून ती गेली, कारण तज्ज्ञ कोण आहे ते तिला माहीत होतं. सकाळच्या सत्रात तो फळ्यापाशी उभा राहून शिकवत होता आणि ती तिसऱ्या रांगेत होती. त्यानं एकदाच तिच्याकडं पाहिलं, आणि खडू हातातून सुटला.

जेवणाच्या सुट्टीत दैवशाला मॅडम हातात डबा घेऊन फिरत आल्या. “घ्या, गोरक्ष सरांचे पेढे,” म्हणाल्या. “लपवून ठेवलं होतं गड्यानं. सुपारी फुटली.”

अर्पिता लाजली. हो, लाजली. तिला वाटलं, त्याच्या घरच्यांनी सगळं ठरवलंय आणि आपल्याला चकित करायला निघालेत. मॅडमना आपलं नाव कळलं असेल, या विचारानं तिनं मान खाली घातली आणि पेढा तोंडात टाकला.

“पोरगी मामाचीच हाय म्हणं,” मॅडम सांगत होत्या. “रेणू नाव. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर उडवणार बार.”

तोंडातला पेढा गिळताही येईना आणि थुंकताही येईना. मॅडम पुढच्या रांगेकडं गेल्या. अर्पिता उठली, हॉलच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं. पाठीमागं पावलं वाजली, ती तिनं ओळखली.

“मॅडम, पोटात दुखतंय का?”

ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला जवळून पाहिलं. तो वाळला होता.

“काहून केलं असं?” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ओळखू येत नव्हता. “आमच्या घरी सगळे वाट बघून राह्यलेत. माझ्या बापानं भावाशी वैर घेतलं.”

“कशाची वाट?”

“तुमची.”

“पण तुम्ही तर... तुम्ही ‘बघू’ म्हणल्या होत्या.”

“मंग? बघू म्हणजे हो की.”

व्हरांड्याच्या खांबाला हात लावून तो खाली बसला. बोलायला लागला तो जमिनीकडं बघूनच. आश्रमशाळेत घालायच्या आधी बापाच्या मागं तो गावोगाव फिरायचा. बाप शेतकऱ्याला विचारायचा, मालक, रानात मेंढरं बसवू का रात्रीपुरती, लेंडीखत होईल. ज्याला पाहिजे तो बसव म्हणायचा. ज्याला नको असायचं तो तोंडावर कधी नको म्हणायचा नाही. हसून म्हणायचा, बघू. बाप लगेच घोड्यावर बिऱ्हाड टाकायचा. पोरं भुकेली असली तरी टाकायचा. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे भीक, हे त्यानं लेकाला मारून शिकवलं होतं.

“तुम्ही हसून म्हणल्या,” गोरक्ष म्हणाला. “मला वाटलं, मोठ्या घरची पोरगी हाय, तोंडावर न्हाई कशी म्हणंल. मी त्याच दिवशी मनातलं बिऱ्हाड हलवलं.”

वर्षभर ही दोघं बसून काय करत होती? कुठल्या घरात कुठल्या गोष्टीला काय म्हणतात, हेच ना! साऱ्या तालुक्याच्या पोरांना कळेल असे पाठ त्यांनी लिहिले, आणि दोन अक्षरांचा एक शब्द राहून गेला. तो शब्द दोन्ही घरांत सारखाच म्हणत होते, म्हणून तर विचारायचं कुणाला सुचलं नाही. अर्पिताला हसू आलं आणि ते हसू रडण्यापेक्षा वाईट होतं.

तो ताडकन उठला. “मी मोडतो,” म्हणाला. “तुम्ही म्हणा फक्त. आत्ता मामाला फोन लावतो. होईल ते होईल.”

त्यानं फोन काढलाही. तो खरंच लावणार होता, हे तिला दिसत होतं. त्या घडीला तिला जे पाहिजे होतं ते सगळं हातभर अंतरावर होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

“रेणू कशी आहे?” तिनं विचारलं.

तो थांबला. खोटं बोलायची त्याची जातच नव्हती. “चांगली हाय. शिवणकाम करती. हसती फार.” मग जड आवाजात म्हणाला, “एकदा सुपारी मोडलीय तिची. मागल्या साली. त्या लोकांनी ऐन वेळी दुसरीकडं केलं. बरेच दिवस घराबाहेर निघाली न्हाई. आता कुठं...”

अर्पितानं डोळे मिटले. जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, ती पोरगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, हसत. कुणाच्या तरी ओट्यावर पुन्हा पेढे परत येणार, पुन्हा आडावर बायका कुजबुजणार, आणि या वेळी कारण अर्पिता असणार. ते पेलून आपल्याला सुखानं नांदता येईल का, हे तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं ते तिला आवडलं नाही.

तिनं हात पुढं करून त्याच्या हातातला फोन खाली दाबला.

“आता मी पुस्तकातल्या भाषेत बोलते,” ती म्हणाली. “म्हणजे दोन अर्थ निघायला नकोत. माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्या दिवशीही होतं, आजही आहे. आणि तुम्ही रेणूशी लग्न करायचं आहे. समजलं?”

“अर्पिता...”

“समजलं का, ते सांगा.”

“समजलं,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. आत घंटा झाली. दुपारच्या सत्रात त्यानं शिकवलं, तिनं ऐकलं. इतर मास्तरांनी प्रश्न विचारले, त्यांना त्यानं उत्तरं दिली. पाच वाजता ती इतरांबरोबर एसटीत बसली, आणि या खेपेला तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती उतरली असती.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. धर्मराव ओसरीवर बसले होते. तिचा चेहरा पाहून चतुराबाई पुढं झाली, पण त्यांनी हातानं तिला थांबवलं. अर्पितानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शब्दाचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, रेणूचं सांगितलं. आपण काय बोलून आलो तेही. बापाला कसं वाटेल, या धाकानं ती त्यांच्याकडं न बघताच बोलत होती. नव्या रंगाचा वास अजून बैठकीतून येत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही काकांशी भांडलात ते वाया गेलं माझ्यामुळं. मी जाते त्यांच्याकडं, माफी मागते. म्हणते, काही नव्हतंच.”

धर्मरावांनी सरकून शेजारची जागा मोकळी केली.

“बस,” ते म्हणाले. “कुणाची माफी मागायची गरज न्हाई. मी काय त्या पोरासाठी भांडलो व्हय? त्याला तर मी पाहिलं बी न्हाई. मी तुझ्यासाठी भांडलो. ते वाया कसं जाईल?”

वाटूरच्या व्हरांड्यात रडली नव्हती, एसटीत रडली नव्हती. आता अर्पिता बापाच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. धर्मरावांनी तिला गप्प हो म्हणून सांगितलं नाही. चतुराबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मधे ठेवला आणि ती पण तिथंच खाली बसली.